शालेय ग्रंथालय आणि स्थानिक शैक्षणिक नेतृत्व : पाठपुराव्याची दिशा व पद्धती

गोषवारा

शालेय ग्रंथालयासंबंधी कायदेशीर व धोरणात्मक तरतुदी आपल्याकडे उपलब्ध आहेत. तथापि ग्रंथालय प्रत्यक्ष विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचते की कपाटात बंद राहते, हे बहुतांशी मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, केंद्रप्रमुख व संस्थाचालक या स्थानिक पातळीवरील निर्णयकर्त्यांवर अवलंबून असते. त्यांच्याकडे ग्रंथालयाचा पाठपुरावा कोणत्या मुद्द्यांवर, कोणत्या पुराव्यांच्या आधारे व कोणत्या क्रमाने करावा, तसेच त्यात महाविद्यालयीन प्राध्यापकांचा वाटा कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : शालेय ग्रंथालय, शाळा व्यवस्थापन समिती, पाठपुरावा, पुस्तक देवघेव, वाचनसंस्कृती.

१. प्रस्तावना

पदवीच्या प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी संदर्भग्रंथ उघडत नाही, तयार टिपणांवर विसंबतो, सलग वीस पाने वाचण्याचा त्याला कंटाळा येतो, ही तक्रार प्राध्यापक कक्षात नित्य ऐकू येते. या तक्रारीचे खापर बहुधा दूरचित्रवाणीवर, भ्रमणध्वनीवर किंवा विद्यार्थ्याच्या वृत्तीवर फोडले जाते. परंतु या विद्यार्थ्याने दहा-बारा वर्षांच्या शालेय जीवनात पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त किती पुस्तके स्वतः निवडून घरी नेली होती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत आणि ज्याच्या गावात वाचनालय नाही, त्याच्यासाठी शाळेचे ग्रंथालय हेच पुस्तकाशी ओळख होण्याचे एकमेव ठिकाण असते. ते बंद राहिले तर पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कितीही ग्रंथसंपदा असली, तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याची सवय त्याच्याजवळ नसते. म्हणून शालेय ग्रंथालय हा केवळ शाळेचा विषय न राहता उच्च शिक्षणाचाही विषय ठरतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(अ) शालेय ग्रंथालयाच्या संदर्भात ‘पाठपुरावा’ या संकल्पनेचा अर्थ स्पष्ट करणे.
(ब) ग्रंथालयासंबंधीच्या तरतुदी व प्रत्यक्ष वापर यांतील अंतराची कारणे पाहणे.
(क) स्थानिक नेतृत्वाकडे करावयाच्या मागणीचे स्वरूप व पद्धती निश्चित करणे.

२. पाठपुरावा : संकल्पना

ग्रंथालयाचा प्रचार आणि ग्रंथालयाचा पाठपुरावा या दोन गोष्टींत फरक करणे आवश्यक आहे. ग्रंथप्रदर्शन भरवणे, वाचनाचे महत्त्व सांगणारे फलक लावणे, वक्त्यास निमंत्रित करणे हा प्रचार होय. त्याचा रोख वाचकाकडे असतो. पाठपुराव्याचा रोख निर्णयकर्त्याकडे असतो. ज्याच्या हाती वेळापत्रक, निधी, जागा व मनुष्यबळ आहे, त्यास ग्रंथालयाची गरज पटवून देणे, त्याच्याकडून निश्चित निर्णय घेववणे आणि तो अमलात येईपर्यंत मागे न हटणे, असा त्याचा अर्थ आहे. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाच्या २०१५ च्या शालेय ग्रंथालयविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही प्रचार व पाठपुरावा यांचा असा वेगळा विचार केलेला आढळतो.

आपल्याकडे प्रचाराची उणीव नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. हा उपक्रम निःसंशय स्तुत्य आहे. परंतु १५ तारखेस बाहेर काढलेली पुस्तके १६ तारखेस पुन्हा कपाटात गेली, तर त्या दिवसाचा हेतू सफल झाला असे म्हणता येणार नाही. उरलेल्या दिवसांचा प्रश्न हा पाठपुराव्याचा प्रश्न आहे.

३. तरतुदींचा आढावा

शालेय ग्रंथालयाचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजेच मुदलियार आयोगाने, शालेय ग्रंथालयांची तपशीलवार चिकित्सा केली होती. बहुतेक शाळांतील पुस्तके जुनी व विद्यार्थ्यांच्या आवडीचा विचार न करता निवडलेली असतात, ती अपुऱ्या व अनाकर्षक खोलीत ठेवलेली असतात आणि त्यांची जबाबदारी एखाद्या लिपिकाकडे अथवा या कामात रस नसलेल्या शिक्षकाकडे सोपवलेली असते, अशा आशयाचे निरीक्षण त्या अहवालात आहे. सात दशकांनंतरही ते अनेक शाळांना लागू पडावे, ही विचार करावयास लावणारी बाब आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘खडू-फळा मोहिमे’तून प्राथमिक शाळांना ज्या किमान वस्तू पुरवण्यात आल्या, त्यांत ग्रंथालयीन पुस्तकांचाही समावेश होता.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व कथापुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असणे बंधनकारक आहे. ही तरतूद पहिली ते आठवीसाठी आहे. समग्र शिक्षा योजनेच्या २०१८ च्या आराखड्यात शासकीय शाळांना स्तरानुसार वार्षिक ५,००० ते २०,००० रुपयांच्या ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शालेय व सार्वजनिक ग्रंथालयांचा विस्तार करावा आणि विशेषतः खेड्यांतील शाळांची ग्रंथालये शाळेच्या वेळेनंतर गावालाही खुली असावीत, असे सुचवले आहे.

या तरतुदींत एक महत्त्वाची उणीव आहे. पुस्तकांची तरतूद झाली, परंतु त्यांची देवघेव करणाऱ्या व्यक्तीची तरतूद त्या प्रमाणात झाली नाही. ग्रंथपालाचे पद विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असल्याने ते मुख्यतः मोठ्या पटाच्या माध्यमिक शाळांपुरते मर्यादित राहते. जिल्हा परिषदेच्या लहान प्राथमिक शाळेत हे काम दोन-तीन शिक्षकांपैकीच कोणाला तरी करावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ हा सार्वजनिक ग्रंथालयांपुरता असल्यामुळे शालेय ग्रंथालयास त्याचे संरक्षण मिळत नाही. परिणामी कायद्याने निर्माण केलेली ही पोकळी स्थानिक निर्णयांनीच भरून काढावी लागते.

४. ‘आहे’ आणि ‘वापरात आहे’ यांतील अंतर

शाळांच्या माहितीच्या यूडायस प्लस या राष्ट्रीय संकलनाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील ८७.३ टक्के शाळांत ग्रंथालय, वाचन कक्ष किंवा वाचन कोपरा उपलब्ध होता. आकडा समाधानकारक वाटतो. परंतु या तिन्ही सुविधा एकाच रकान्यात मोजल्या जात असल्याने स्वतंत्र खोलीतील हजार पुस्तके आणि व्हरांड्यातील दोरीवर अडकवलेली वीस पुस्तके यांत फरक राहत नाही. दुसरीकडे ‘असर’ हे ग्रामीण भागातील सर्वेक्षण भेटीच्या दिवशी विद्यार्थी पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त पुस्तके प्रत्यक्ष वापरताना दिसले काय, हे नोंदवते. अशा शासकीय शाळांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे ३७ टक्के, २०२२ मध्ये सुमारे ४४ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ५१ टक्के आढळले. दोन्ही संकलनांतील शाळांचा गट एकच नसल्याने या आकड्यांची थेट वजाबाकी करणे योग्य होणार नाही. तरीही दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ‘आहे’ आणि ‘वापरात आहे’ यांत मोठे अंतर आहे. दुसरा असा की, हे अंतर कमी होऊ शकते व होत आहे.

हे अंतर का पडते? वेळेचा अभाव, जागेचा अभाव ही कारणे नेहमी सांगितली जातात व ती खरीही आहेत. परंतु त्यांहून खोल असे एक कारण आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. ते म्हणजे पुस्तक हरवण्याची भीती. शाळेतील पुस्तक नोंदवहीवर चढते तेव्हा ते शाळेची मालमत्ता ठरते. बदली झालेल्या शिक्षकाला कार्यभार सोपवताना पुस्तके मोजून द्यावी लागतात. एखादे कमी भरले तर खुलासा द्यावा लागेल, कदाचित खिशातून भरपाई करावी लागेल, ही धास्ती त्याच्या मनात असते. पुस्तक वाटले नाही म्हणून कोणी जाब विचारत नाही, हरवले तर मात्र विचारतात. अशा स्थितीत कुलूप लावणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. शिक्षकाला वाचनाची आस्था नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ही व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. ही भीती उपदेशाने जात नाही, वरिष्ठांच्या लेखी निर्णयाने जाते.

५. स्थानिक नेतृत्व : कोणाच्या हाती काय?

पाठपुरावा करणाऱ्याने कोणता निर्णय कोणाच्या अधिकारात येतो, हे प्रथम जाणून घेतले पाहिजे. अन्यथा योग्य मागणी अयोग्य दारी जाते.

मुख्याध्यापक : वेळापत्रकातील तासिका, पुस्तके कोठे ठेवायची, जबाबदारी कोणाकडे द्यायची, पुस्तके घरी द्यायची की नाही, हे सर्व निर्णय मुख्याध्यापकांचे असतात. त्यांच्यासमोर अहवालांचा व विविध अभियानांचा भार असतो. ग्रंथालय हे आणखी एक अभियान म्हणून मांडले तर त्यांना ते ओझे वाटेल. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक बालकास आकलनासह वाचता यावे, असे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठावयाचे ठरवले. त्या उद्दिष्टाचे साधन म्हणून ग्रंथालय मांडले तर ते त्यांच्या चालू कामात सामावते.

शाळा व्यवस्थापन समिती : २००९ च्या अधिनियमाच्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. शाळेच्या कामकाजावर व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे आणि कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे ही तिची कर्तव्ये आहेत. विनाअनुदानित खाजगी शाळांना ही तरतूद लागू नाही. आराखड्यात खोली, स्वच्छतागृह, कुंपण यांचा समावेश होतो, कारण ती दिसतात. ग्रंथालयाचा समावेश व्हावा म्हणून कोणीतरी तो विषय बैठकीत मांडावा लागतो.

केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी : एका शाळेतील चांगला प्रयोग दहा शाळांत नेणे त्यांना शक्य असते. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत ग्रंथालयाच्या अनुभवांसाठी वीस मिनिटे मिळाली, तरी विषय शिक्षकांच्या चर्चेत येतो.

संस्थाचालक : खाजगी अनुदानित शाळांत संस्थेचे पदाधिकारी व शाळा समिती यांचा शब्द निर्णायक असतो. त्यांना संस्थेच्या नावलौकिकाची व पटसंख्येची चिंता असते. पालकांना दिसणारे, मुले पुस्तके घरी नेत असलेले ग्रंथालय हे शाळेच्या गुणवत्तेचे बोलके प्रमाण आहे, हा मुद्दा तेथे परिणामकारक ठरतो.

ग्रामपंचायत : जागा, वीज, फळ्या, कपाटे अशा बाबींत तिचे साहाय्य होऊ शकते. गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असल्यास शाळा व वाचनालय यांत पुस्तकांची अदलाबदल घडवून आणता येते.

६. मागणीचे स्वरूप : पाच लहान निर्णय

‘शाळेत सुसज्ज ग्रंथालय असावे’ ही मागणी कोणीही नाकारत नाही आणि म्हणूनच तिच्यातून काही निष्पन्न होत नाही. ज्या मागणीला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे निश्चित उत्तर द्यावे लागते, तीच पुढे सरकते. या दृष्टीने पुढील पाच निर्णय मागावेत.

(१) प्रत्येक इयत्तेसाठी आठवड्यातून एक ग्रंथालय तासिका वेळापत्रकात लिहिली जावी व ती अन्य विषयासाठी वापरली जाऊ नये.
(२) देवघेवीची जबाबदारी एका शिक्षकाकडे लेखी द्यावी, त्या बदल्यात त्याचे दुसरे एखादे काम कमी करावे आणि मदतीला वरच्या वर्गातील विद्यार्थी द्यावेत.
(३) पुस्तके घरी नेण्यास परवानगी असावी.
(४) स्वाभाविक वापरात फाटलेल्या व हरवलेल्या पुस्तकांबाबत शिक्षकास व्यक्तिशः जबाबदार धरले जाणार नाही, अशी भूमिका समितीने ठरावाद्वारे घ्यावी व निर्लेखनाचा प्रस्ताव सक्षम अधिकाऱ्याकडे वेळच्या वेळी पाठवावा.
(५) पुस्तक निवडीत विद्यार्थी व पालक यांचा सहभाग असावा आणि निवडयादी वर्षाच्या प्रारंभीच तयार असावी.

पाचव्या निर्णयाचे महत्त्व अनुदानाच्या व्यवहारात दिसते. निधी वर्षाच्या उत्तरार्धात हाती येतो आणि मार्चअखेर खर्च करावा लागतो. यादी तयार नसेल तर विक्रेता देईल ती पुस्तके शाळेत येतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला, ज्योत्स्ना प्रकाशनाची बालपुस्तके, प्रथम बुक्सची मराठी चित्रपुस्तके अशी अल्प किमतीची, दर्जेदार पुस्तके उपलब्ध आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून प्रकाशित होत आहे व त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात.

चौथा निर्णय सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा आहे. त्यासाठी एक आधार उपयोगी पडतो. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१५ नुसार वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा त्यांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे हे, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसल्यास, स्वाभाविक मानले जाते. हा नियम केंद्रीय कार्यालयांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या वा खाजगी शाळेस तो आपोआप लागू होत नाही. परंतु शासनव्यवस्थेनेच मान्य केलेले तत्त्व म्हणून समितीसमोर तो ठेवता येतो. समजा, शंभर पटाच्या शाळेत प्रत्येक मुलाने आठवड्याला एक पुस्तक घरी नेले. तीस आठवड्यांत तीन हजार देवघेवी होतील. वरील प्रमाणानुसार पंधरा पुस्तके गहाळ होणे स्वाभाविक ठरेल. सरासरी किंमत साठ रुपये धरल्यास हे नुकसान नऊशे रुपयांचे होय. तीन हजार वेळा पुस्तक मुलाच्या घरी जाण्याची ही किंमत आहे. हे गणित फळ्यावर मांडले असता पालक सदस्यास ते तत्काळ समजते.

७. पुरावा व आक्षेप

निर्णयकर्त्यासमोर जाताना हाती पुरावा असावा. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या शाळांची ग्रंथालये ग्रंथसंख्या व मनुष्यबळ यांनी समृद्ध होती, तेथील विद्यार्थ्यांचे वाचनातील गुण अधिक असल्याचे आढळले आणि समाजाच्या आर्थिक स्तराचा विचार करूनही हा संबंध टिकून राहिला. मात्र सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. शिवाय तेथील ग्रंथालयांस प्रशिक्षित कर्मचारी लाभलेले होते. म्हणून हा अभ्यास जसाच्या तसा आपल्या शाळेस लावणे धाडसाचे होईल. मुख्याध्यापकांना कोलोरॅडोपेक्षा आपल्याच शाळेची नोंद अधिक पटते. एका इयत्तेत सहा आठवडे देवघेव चालवावी, दर आठवड्याला किती पुस्तके गेली, किती परत आली, कोणती पुस्तके पुन्हा मागितली गेली, याची साधी वही ठेवावी. समितीच्या बैठकीत ही वही आणि दोन मुले पुरेशी असतात. एखाद्या मुलीने तिला आवडलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली, तर सदस्यांना वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

पाठपुराव्यात काही आक्षेप हमखास येतात. अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, मग ग्रंथालयास तासिका कोठून द्यावी, हा पहिला. वाचनाचा वेग व आकलन यांवरच सर्व विषयांचा अभ्यास अवलंबून असल्यामुळे ही तासिका अभ्यासक्रमाबाहेरची नाही, हे त्याचे उत्तर होय. मुले पुस्तके फाडतात, हा दुसरा. नव्या कोऱ्या पुस्तकांचे कपाट हे निगुतीचे नव्हे, न वापरल्याचे लक्षण आहे, हे येथे सांगावे लागते. सर्व काही भ्रमणध्वनीवर मिळते, हा तिसरा. ज्या घरात एकच भ्रमणध्वनी असून तो दिवसभर वडिलांसोबत बाहेर असतो, त्या घरातील मुलास हे उत्तर लागू पडत नाही. शिवाय वाचू लागलेल्या लहान मुलास हातात धरून पाने उलटता येतील असे पुस्तक लागते.

८. महाविद्यालयीन प्राध्यापकांचा वाटा

येथे प्राध्यापकांची भूमिका सुरू होते. अनेक ठिकाणी शाळा व महाविद्यालय एकाच शिक्षण संस्थेचे असतात. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांची उभारणीच अशा संलग्न विस्तारातून झाली. संस्थेच्या बैठकीत प्राध्यापकाने मांडलेल्या मताला वजन असते. शाळेतील शिक्षकास जे बोलणे अवघड जाते, ते प्राध्यापक सहज बोलू शकतो. शिवाय प्राध्यापक स्वतः पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर असू शकतो.

दुसरा मार्ग विद्यार्थ्यांचा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरात रस्ता झाडण्याबरोबरच शाळेच्या पुस्तकांची वर्गवारी, दुरुस्ती व नोंदणी करता येते. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या पदवी अभ्यासक्रमात समुदाय सहभाग प्रकल्पास श्रेयांक आहेत. एका सत्रात एका शाळेची देवघेव चालवून तिची नोंद ठेवणे हा त्यासाठी उत्तम प्रकल्प ठरेल. ग्रंथालयशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांना तर हे क्षेत्र हाताशीच आहे. महाविद्यालयीन ग्रंथपालाने वर्षातून एकदा परिसरातील शाळांच्या ग्रंथालय प्रमुखांसाठी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेतली, तरी त्यांचे एकाकीपण कमी होईल. मात्र एक पथ्य पाळावे. महाविद्यालयाने पुस्तके दान देऊन छायाचित्र काढले व निघून गेले, तर शाळेच्या नोंदवहीत मोजावयाच्या वस्तूंची भर तेवढी पडते. पुस्तकांपूर्वी तासिका व देवघेव यांचा निर्णय व्हावा.

९. निष्कर्ष

१. शालेय ग्रंथालयाच्या तरतुदी विद्यमान आहेत. कमतरता आहे ती स्थानिक निर्णयांची.
२. ग्रंथालय ‘आहे काय’ या प्रश्नाऐवजी ‘मागील आठवड्यात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली’ हा प्रश्न समितीच्या प्रत्येक बैठकीत विचारला जाणे, ही पाठपुराव्याची पहिली फलश्रुती होय.
३. पुस्तक हरवण्याच्या भीतीपासून शिक्षकास लेखी संरक्षण दिल्याखेरीज कपाटे उघडणार नाहीत.
४. मागणी लहान, निश्चित व संबंधित व्यक्तीच्या अधिकारातील असावी.
५. महाविद्यालयांनी शालेय ग्रंथालयास आपल्या विस्तारकार्याचा नियमित भाग मानावे.

जो विद्यार्थी आज तिसरीत आहे, तो दहा-बारा वर्षांनी आपल्या वर्गात बसणार आहे. त्या वेळी त्याच्या वाचनाविषयी तक्रार करण्याचा अधिकार आपणास हवा असेल, तर त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची भेट आजच घेतली पाहिजे.